दिल्ली, मार्गे नगर

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी माझी शाळा घ्यायला नको. भूत, भानामती, दृष्टांत, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. मी भूगोलाचा मास्तर आहे. नकाशावर फूटपट्टी ठेवायची, प्रमाण बघायचं, गुणाकार करायचा आणि अंतर काढायचं, हे पोरांना शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. तेवढं शिकवूनही मी स्वतः दोनदा जामखेडला जायला निघून भलत्याच गावात पोचलोय, हा भाग वेगळा. आमची ही म्हणते, "तुम्ही नकाशा शिकवता, रस्ता नाही." खरं आहे ते.

तर हा अनुभव माझा आहे, आणि त्यात मीच जरा तोंडावर पडलोय. तरी लिहितो.

आमचं मूळ घर कोल्हारला, नगर–मनमाड रोडच्या अगदी कडेला. मी, बायको सुनंदा आणि मुलगा नगरला असतो. (आता अहिल्यानगर, पण आमची जीभ अजून जुनीच पाटी वाचते.) धाकटी बहीण मंगल दिल्लीत. आई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आमचे वडील, आण्णा, कोल्हारला एकटेच राहतात. शेजारच्या शांतामावशी दोन वेळचा स्वयंपाक करून देतात आणि त्यासोबत गावभरच्या बातम्याही पुरवतात.

आण्णा एसटीत होते. कंट्रोलर, म्हणजे वाहतूक नियंत्रक. स्टँडवरच्या त्या काचेच्या खोलीत बसून, "पुण्याहून येणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर..." असं सांगणारा जो आवाज असतो ना, तो आमच्या घरातला आवाज होता. लहानपणी मी परीक्षेला निघालो की आण्णा ओसरीवरून म्हणायचे, "दिल्या, नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटतोय." आणि मला खरंच आपण लाल डबा आहोत असं वाटायचं.

रिटायर झाले तरी माणूस रिटायर झाला नाही. ओसरीच्या भिंतीला त्यांनी एक काळी पाटी टांगली. घरातलं कोणीही यायचं असलं की सकाळी त्यावर खडूने लिहायचं — कुठून, किती वाजता, मार्ग कुठला आणि शेवटी शेरा. "नगर — ११.१५ — शेरा: जागा नाही", म्हणजे गाडी भरून येतोय, पोरंबाळं सगळी. ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी चपला घालायच्या, टोपी घालायची आणि रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. येणारा माणूस गाडीतून उतरला की घड्याळ बघायचं. "कसा आहेस" वगैरे नंतर.

आम्हाला त्याचं कौतुक होतं आणि खरं सांगायचं तर थोडा वैतागही होता. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस रस्त्याच्या कडेला उभा, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातायत... म्हणून आम्ही भावंडांनी एक हुशारी सुरू केली. दोन वाजता पोचणार असलो तर आण्णांना चार सांगायचं. म्हणजे ते उन्हात उभे राहणार नाहीत. जगात कंट्रोलरला चुकीचं वेळापत्रक देणारी दुसरी पोरं नसतील! आणि गंमत अशी, की चार सांगून दोनला गेलो तरी आण्णा चपला घालून उभेच. आम्ही म्हणायचो, म्हातारा सकाळपासून उभा असणार. पाटी ताडून बघायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. घरातली पाटी कोण वाचतं?

मग मागच्या ऑक्टोबरात ते झालं.

दसऱ्यानंतरचं ऊन. आण्णा रस्त्यावर अकरापासून जवळजवळ दोनपर्यंत उभे होते, आणि चक्कर येऊन खाली बसले. चहाच्या टपरीवाल्याने मला फोन केला. दवाखान्यात सलाईन लावलं, अंगातलं मीठ कमी झालं होतं, संध्याकाळी ठणठणीत. पण घरात त्याची नोंद वेगळीच झाली. "आण्णांना आता भान राहत नाही. कोणीही येणार नसताना तीन तास उभे होते." हे वाक्य मी मंगलला सांगितलं, मंगलने मावसबहिणीला, आणि आठ दिवसांत अख्ख्या पाहुण्यारावळ्यांत आण्णांचं डोकं चालेनासं झालं. ठरलं, की दिवाळी झाली की मंगल दिल्लीहून येईल, आम्ही दोघं मिळून समजावू, आणि आण्णांना नगरला माझ्या फ्लॅटवर न्यायचं. तिसरा मजला. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसते. तिथे पाटी कुठे टांगायची, हा विचार मी केला नव्हता.

मंगलचं विमान दिल्लीहून सकाळी दहा वीसला, शिर्डीला सव्वाबाराला. आता बघा, दिल्ली ते शिर्डी हवाई अंतर हजार किलोमीटरच्या थोडं वर. रस्त्याने गेलात तर बाराशेच्या पुढे आणि वीस-बावीस तास कुठे गेले नाहीत. विमानाला दोन तास. शिर्डीच्या विमानतळावरून कोल्हार तासाभराच्या आत. आणि आम्हाला नगरहून कोल्हारला यायला, जेमतेम पंचावन्न-साठ किलोमीटर, खड्डे आणि उसाच्या ट्रॉल्या धरून दोन तास! म्हणजे बहीण दिल्लीहून निघून येणार आणि भाऊ नगरहून, तरी दोघांच्या वेळेत फारसा फरक नाही. वर्गात हे उदाहरण मी दर वर्षी देतो. पोरं हसतात. तेवढीच हसतात.

आम्ही आदल्या दिवशीच कोल्हारला गेलो होतो. सुनंदाने आण्णांचे कपडे, औषधं, आईचा फोटो असं सगळं एका बॅगेत भरून बॅग दाराशी ठेवली. आण्णांनी ती बघितली. पायाने थोडी बाजूला सरकवली आणि आत जायला वाट केली, इतकंच.

सकाळी साडेआठला चहा घेऊन ओसरीवर आलो तर पाटी लिहून तयार.

"दिल्ली — ५.४० — मार्गे नगर — शेरा: उपाशी."

मी म्हटलं, "आण्णा, सव्वाबाराला उतरतेय ती. एकला घरात."

"बरं."

"मग पाच चाळीस काय लिहिलंय? आणि दिल्लीचं विमान नगरवरून कसं येईल? शिर्डीला उतरणार, लोणीकडून येणार. नगर उलट्या अंगाला."

"माहीत हाय मला नगर कुठल्या अंगाला हाय," आण्णा म्हणाले. "तू नको शिकवू."

"मग खोडा ते."

"कशाला? लिहून झालंय."

इतके दिवस मी सगळ्यांना सांगत होतो, पण आतल्या आत मला ते पटलेलं नव्हतं. आता पुरावाच समोर होता. मी मोबाईल काढला, पाटीचा फोटो घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "बघ मंगल. आता पटलं?" आणि कपाळावर हात मारलेला तो पिवळा चेहरा. आठ बेचाळीस. त्या वेळी विमान सुटायला दीड तासापेक्षा जास्त अवकाश होता. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. मी हवामानाचा अंदाजही बघितला होता, सवयीने. निरभ्र!

निघताना आण्णा म्हणाले, "शिर्डीला चाललास व्हय?"

"हो. तिला आणायला."

"जा. हात हलवत येशील."

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. आणि स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, कारण मंगलला पुरणपोळी आवडते. तेवढ्यात आण्णांनी कुंपणापलीकडे हाक दिली, "शांताबाई, आमच्या मंगलला पिठलं-भाकरी करा वो. आत्ता न्हाई, सहाला. गरम पायजे."

"व्हय, करते की," मावशी म्हणाल्या. "दुपारी काय उपास हाय का पोरीला?"

"उपास न्हाई. उपाशी हाय."

मी गाडी काढली.

बारा वाजता विमानतळावर पोचलो. आणि काय सांगू... लोणी ओलांडेपर्यंत ऊन होतं, आणि पोचता पोचता ढग. नुसते ढग नाहीत, एकदम खाली उतरलेले, कापूस पिंजून अंथरल्यासारखे. सव्वाबाराला वरून विमानाचा आवाज आला. दिसलं काहीच नाही. आवाज आला, गेला. परत आला, परत गेला. आत घोषणा झाली, ती मला नीट कळली नाही. (आण्णांनी ती केली असती तर पार बाहेरच्या पार्किंगमध्ये कळली असती.) शेजारच्या टॅक्सीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "उतरत न्हाई हिथं. पुण्याला गेलं."

मी तिथे कठड्याला धरून उभा राहिलो. पुण्याला. म्हणजे आता ती रस्त्याने येणार. पुण्याहून कोल्हारला रस्ता... मार्गे नगर.

काय गंमत आहे बघा — मी सत्तावीस वर्षं मुलांना रस्ते शिकवले, आणि हे वाक्य मनात पूर्ण व्हायला मला चांगली दोन मिनिटं लागली.

मंगलचा फोन दीडच्या सुमारास आला. "दादा, मी पुण्यात. टॅक्सी मिळालीय, येते माझी मी. पावणेदोनला निघतेय. तू घरी जा."

"काही खाल्लंस का?"

"कुठलं? घरी येऊन जेवायचं म्हणून विमानात काही घेतलं नाही. आता थांबत नाही, उशीर होईल."

मी फोन ठेवला आणि तसाच कोल्हारला परत आलो. हात हलवत.

आण्णा ओसरीवर खुर्चीत होते. मला बघून म्हणाले, "जेवून घ्या आता तुमी. पोळ्या गार होतील."

मी पाटीकडे बघायचं टाळलं. मास्तर माणूस, असा लगेच हार मानत नाही. मनात म्हटलं, योगायोग. मार्ग जुळला असेल, वेळ कशी जुळेल? मंगलने मोबाईलवर तिचं लोकेशन पाठवलं होतं. ते उघडून बसलो. नकाशा सांगत होता, पाच वाजून पाच मिनिटांनी पोचेल. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. माझा बाप चुकावा म्हणून मी मोबाईल धरून बसलो होतो! पण तो बरोबर निघाला तर दाराशी ठेवलेल्या बॅगेचं काय करायचं? आणि चुकला तर... तर ती बॅग आज संध्याकाळी माझ्याच गाडीत जाणार होती.

शिरूरच्या पुढे त्याचे पाच वीस झाले. नगर ओलांडताना पाच पन्नास. राहुरीजवळ सगळा रस्ता लाल. सहा पाच. मी सुनंदाला म्हटलं, "बघ, सहा पाच."

"काय बघू?" ती म्हणाली. "तुम्हाला नेमकं काय व्हायला हवंय, ते तरी एकदा ठरवा."

साडेपाचला आण्णा उठले. चपला घातल्या. टोपी घातली.

"आण्णा, अजून अर्धा तास आहे. इथे दिसतंय मला."

"तुज्या मोबाईलला म्हणावं, बस निवांत," आण्णा म्हणाले आणि फाटक उघडून निघाले.

मीही मागोमाग गेलो. माझ्या हातातल्या नकाशावर मंगलचा निळा ठिपका राहुरीच्या अलीकडे रुतून बसला होता. आण्णा टपरीशेजारच्या कडुनिंबाखाली उभे. उसाची एक ट्रॉली गेली, मग दुसरी. आणि तिच्या मागून एक पांढरी टॅक्सी कडेला आली आणि मंगल उतरली. ठिपका अजून राहुरीतच!

आण्णांनी मनगट वर केलं. मी मोबाईलवर वेळ बघितली. पाच चाळीस.

मंगल आण्णांच्या पायाही पडली नाही. तिच्या हातात मोबाईल होता, त्यावर मी सकाळी पाठवलेला फोटो. विमानात बसायच्या आधी तिने तो बघितला होता, "हो दादा, पटलं" असं लिहिलंही होतं. आणि नगर ओलांडताना परत उघडला होता.

"आण्णा," ती म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"काय?"

"हे. मार्गे नगर."

"आदी घरात चल," आण्णा म्हणाले. "पिठलं गार हुईल."

तिने तीन भाकरी खाल्ल्या. सुनंदाच्या पुरणपोळ्या बाजूला, आणि ही बाई पिठल्याचं भांडं पुसून खातेय. शांतामावशी दारात उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या. मी विचारलं, "आण्णा, खरं सांगा. वेळ कशी कळली?"

"आता मला काय ठावं? सकाळी खडू घेतला की हात चालतो. इतकी वर्सं तेच केलं. कुठली गाडी सरळ येनार, कुठली फिरून येनार... लिहिल्यावर मला कळतं. आदी न्हाई."

"नेहमी बरोबर येतं?"

"मी कुटं तपासतो? गाडी आली की झालं."

मग मंगलने तो प्रश्न विचारला, जो मी विचारायला हवा होता. "मग आण्णा, ऑक्टोबरात का उभे राहिलात तीन तास? त्या दिवशी पाटीवर काय होतं?"

आण्णांनी मिठाची वाटी मंगलच्या ताटाजवळ सरकवली. बोलल्या त्या शांतामावशी. "मी सांगते. त्या दिशी पाटीवर लिवलं हुतं, 'नगर — रद्द.' मी म्हनलंसुद्धा, आण्णा, रद्द हाय म्हनता आन् चपला घालता?"

आता मला कबूल करायलाच हवं. तोपर्यंत ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. त्या दिवशी "कोणीही येणार नव्हतं" हे खोटं होतं. मी येणार होतो. आदल्या रात्री मीच आण्णांना म्हटलं होतं, अकराला येतो. सकाळी शाळेत काम निघालं. फोन करू, करू म्हणता राहिला. मग वाटलं, विसरले असतील ते... या वयात कुठे लक्षात राहतं. विसरलो होतो मी, आणि विसराळूपणाचं खापर फोडलं त्यांच्यावर. पाहुण्यारावळ्यांत.

मी ते सगळं तिथेच, पिठल्याच्या ताटासमोर बोलून टाकलं. सुनंदा माझ्याकडे बघतच राहिली.

मंगल म्हणाली, "आण्णा, तुम्हाला माहीत होतं दादा येणार नाही. पाटीवर लिहिलं होतं तुम्ही."

"व्हय."

"मग?"

"मग काय? त्यानं येतो म्हनून सांगितलं हुतं की. पाटी चुकंल." आण्णांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ताटाखाली सांडलेलं मीठ बोटाने गोळा करत होते. "गाडी रद्द झाली तर डेपोनं कळवायचं असतं. कळवलं न्हाई तवर गाडी येनार असंच धरायचं. कंट्रोलरनं खिडकी बंद करून जायाचं नसतं."

बाहेरून ट्रॉल्या जात होत्या. थोड्या वेळाने मंगल उठली, हात धुतले, दाराशी गेली, बॅग उघडली आणि आईचा फोटो काढून परत खिळ्याला लावला. मग सदरे. मग औषधं. एकेक वस्तू जागेवर. सुनंदा तिच्या मदतीला गेली. मी ताटं गोळा करून मोरीत नेऊन ठेवली.

आण्णा कोल्हारलाच आहेत. कडुनिंबाखाली आम्ही एक सिमेंटचं बाकडं टाकून घेतलं. बसून वाट बघायला. ते त्यावर बसत नाहीत, छत्री ठेवतात. आणि मी आता खरी वेळ सांगतो. उशीर होणार असेल तर कळवतो, येणार नसेन तर त्याआधी कळवतो. "नगर रद्द," म्हटलं की पलीकडून उत्तर येतं, "नोंद घेतली."

स्पष्टीकरण शोधायचा प्रयत्न मी केला, नाही असं नाही. मंगलने सकाळी फोन केला होता का? नाही. आण्णांनी रेडिओवर ढगांचं काही ऐकलं होतं का? रेडिओ बंद पडून वर्ष झालंय. तो फोटो मी पन्नासदा बघितला. आठ बेचाळीस. मीच काढलेला, मीच पाठवलेला, तोही त्यांना खोटं पाडायला. दुसऱ्या कोणी काढला असता तर मी म्हटलं असतं, बनाव आहे.

आता गेल्या रविवारचं सांगतो आणि थांबतो. आम्ही कोल्हारला निघणार होतो, मी आण्णांना साडेअकरा कळवलं होतं. राहुरीच्या अलीकडे एक मिसळवाला आहे. डॉक्टरांनी तेलकट बंद केल्यापासून मी तिथे थांबत नाही, असं सुनंदाला माहीत आहे. त्या दिवशी मनात होतं, की हवा भरायचं निमित्त करून तिला गाडीत बसवावं आणि पाच मिनिटांत... पण ते मनातच होतं. मी कोणाला बोललो नव्हतो. झोपेतही बडबडत नाही.

आठ वाजता शांतामावशींनी ग्रुपवर पाटीचा फोटो टाकला. त्यांना आम्ही ग्रुपवर घेतलंय, आणि ही सवय त्यांना आता लागली आहे.

"नगर — ११.५५ — शेरा: एकटाच खाऊन येईल."

सुनंदाने तो मोठा करून वाचला. मग मोबाईल खाली ठेवला आणि इतकंच म्हणाली, "मलाही एक सांगा. तिखट कमी."

आम्ही पोचलो तेव्हा आण्णा बाकड्याशेजारी उभे होते. अकरा पंचावन्न. त्यांनी घड्याळ बघितलं, मग आम्हा दोघांच्या तोंडाकडे बघितलं, आणि घरी गेल्यावर खडू घेऊन पाटीवरचं "एकटाच" तेवढं पुसलं. त्यांची चुकलेली एवढी एकच नोंद मला आजवर सापडली आहे. बाकी कशाचं गणित मला जमलेलं नाही, आणि आता मी ते मांडतही नाही.